गोळ्या घेऊ की क्युरेटिंग करून घेऊ?

ताई, मी २९ वर्षांची. मुलगी १४ महिन्यांची आहे, सिझेरियनने झाली, अजून अंगावर पिते. बाळंतपणानंतर पाळी दोनदाच आली, तीही मागेपुढे. आता शेवटच्या पाळीपासून ४५ दिवस झालेत आणि घरी तपासलं तर दोन रेघा आल्या. दुसरं मूल आम्हाला हवंय, पण दोन-तीन वर्षांनी. यावर आमचं दोघांचं एकमत आहे. मिस्टर पुण्याला नोकरीला, शनिवार-रविवार येतात. त्यांनी तिकडच्या मेडिकलमधून गोळ्यांचं पाकीट आणलंय, म्हणतात घरीच घे, कुणाला कळायला नको. माझ्या मोठ्या जाऊबाईंनी मागे गोळ्या घेतल्या होत्या. त्यांना दोन आठवडे अंगावरून जात होतं आणि शेवटी क्युरेटिंगही करावं लागलं. त्यांचं मत, सरळ पिशवी साफ करून घ्यावी. आई म्हणते, क्युरेटिंग केलं की पुढे दिवस राहत नाहीत. घरात सासू-सासरे आहेत, संडास-बाथरूम अंगणात आणि सगळ्यांना मिळून एकच. क्युरेटिंगला नवऱ्याची सही लागते का? ते रजा काढायला तयार नाहीत. मी काय करू?
एक वाचक, सांगली जिल्हा

तुम्ही लिहिलंत तेव्हा ४५ दिवस झाले होते. हे उत्तर वाचाल तेव्हा ५२-५३ झालेले असतील. म्हणून जे आधी करायचं तेच आधी सांगते. पाकीट आहे तिथे राहू द्या आणि येत्या दोन दिवसांत स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाऊन सोनोग्राफी आणि हिमोग्लोबिन करून घ्या. गोळ्या की क्युरेटिंग हा प्रश्न त्यानंतरचा.

घाई कशाची, तर गोळ्यांना मुदत आहे. आपल्याकडे गोळ्यांनी गर्भपात नऊ आठवड्यांपर्यंतच, म्हणजे ६३ दिवसांपर्यंतच करता येतो. हे दिवस शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, संबंध आला त्या तारखेपासून नव्हे. तुमच्या बाबतीत तर ही मोजणीच कच्ची आहे. बाळ अंगावर पीत असताना पाळी मागेपुढे होते, आणि जिला तुम्ही पाळी समजलात ती गर्भ राहिल्यानंतरचं थोडंसं रक्तही असू शकतं. तुमच्या हिशेबाचे सात आठवडे सोनोग्राफीत नऊ निघाल्याचं मी अनेकींच्या बाबतीत पाहिलंय.

सोनोग्राफीत आणखी दोन गोष्टी बघायच्या आहेत. गर्भ पिशवीतच आहे ना, ही पहिली. शंभरातल्या एक-दोन गर्भधारणा पिशवीबाहेर, बहुतेक वेळा नळीत रुजतात. तिथे या गोळ्यांचा काही उपयोग होत नाही. बाईला थोडं रक्त जातं, तिला वाटतं काम झालं, आणि गर्भ नळीत आतल्या आत वाढत राहून एके दिवशी नळी फुटते. दुसरी गोष्ट खास तुमच्यासाठी, सिझेरियनची. आधी सिझर झालंय म्हणून गोळ्या चालत नाहीत असं नाही, इतक्या लवकरच्या दिवसांत चालतात. पण गर्भ जुन्या टाक्यांच्या व्रणातच रुजलेला नाही, एवढी खात्री हवी. असं क्वचित होतं, पण झालं तर गोळ्याही धोक्याच्या आणि साधं क्युरेटिंगही.

हिमोग्लोबिनचं कारण वेगळं सांगायला नको. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, आणि तुमचं तर सिझर होऊन सव्वा वर्षच झालंय, वर मूल अंगावर पितंय. आकडा आठच्या खाली असेल तर गोळ्यांचा विचार सोडा. रक्तगट निगेटिव्ह असेल तर तेही डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा, पुढच्या गरोदरपणात बाळाला त्रास होऊ नये म्हणून अँटी-डी इंजेक्शन द्यायचं की नाही ते ठरवावं लागतं.

सोनोग्राफीच्या ठिकाणी आधारकार्ड मागतील, एक फॉर्म भरून घेतील. घाबरू नका. तो गर्भलिंग तपासणीविरोधी कायद्याचा फॉर्म आहे, प्रत्येक गरोदर बाईचा भरतात.

आता मिस्टरांच्या पाकिटाबद्दल. त्यात पाच गोळ्या असतील, एक वेगळी आणि चार सारख्या. वेगळी ती मिफेप्रिस्टोन, २०० मिलिग्रॅमची. गर्भ टिकवून धरणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचं काम ती अडवते. पुढच्या चार मिसोप्रोस्टॉलच्या. ही मूळची पोटातल्या अल्सरवरची गोळी, पण ती गर्भपिशवीला कळा आणते आणि पिशवीचं तोंड मऊ करते. पहिली गोळी घेतल्यावर एक ते दोन दिवसांनी या चार घ्यायच्या, गिळून नव्हे, तर जिभेखाली, गालात किंवा योनीमार्गात ठेवून. कुठे, ते डॉक्टर सांगतात. पाचही एकदम गिळणारे, किंवा पहिलीनंतर रक्त आलं नाही म्हणून दुसरं पाकीट आणणारे लोक रोज भेटतात. पहिल्या गोळीनंतर बहुतेकींना काहीच होत नाही, हे दुकानातला मुलगा सांगत नाही. या गोळ्या चिठ्ठीशिवाय द्यायच्याच नसतात. पुण्याच्या त्या दुकानदाराने पाकीट दिलं तेच बेकायदा.

तुमचे मिस्टर काही जगावेगळं करत नाहीयेत, हेही खरं. २०१५ साली भारतात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले आणि त्यातले जवळपास तीन-चतुर्थांश दवाखान्याबाहेर गोळ्या घेऊन झाले, असा अंदाज मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेतल्या संशोधकांचा सहभाग असलेल्या एका मोठ्या अभ्यासात निघाला होता. एवढ्या बायकांनी घेतल्या आणि बहुतेक सगळ्या धडधाकट आहेत, याचा अर्थ औषध चांगलं आहे. नऊ आठवड्यांच्या आत, नीट घेतलं, तर शंभरातल्या ९५ ते ९८ जणींचा गर्भपात त्यानेच पूर्ण होतो. माझी तक्रार औषधाबद्दल नाही, आधी काहीही न तपासता ते घेण्याबद्दल आहे.

पण मिस्टरांचं ‘कुणाला कळायला नको’ हे मात्र मला पटत नाही. चार गोळ्यांचा तो दिवस कसा जातो ते सांगते, मग तुम्हीच बघा. गोळ्या ठेवल्यावर तासाभरात ते चार तासांत पोटात कळा सुरू होतात. पाळीच्या दुखण्यापेक्षा जास्त. काहींना थोड्या जास्त, काहींना बाळंतपणाच्या सुरुवातीच्या कळांची आठवण यावी इतक्या. आयबुप्रोफेन वेळेवर घेतली तर सुसह्य होतं. सोबत मळमळ, उलटी, जुलाब, थंडी वाजून थोडा ताप, यातलं काहीही येऊ शकतं आणि बहुतेक त्याच दिवशी ओसरतं. रक्त भरपूर जातं, गाठी जातात. दोन ते चार तास बाई संडासाजवळच असते. हे सगळं अंगणातल्या एकुलत्या एक संडासात, सासूबाई ओट्यावर बसलेल्या असताना आणि मुलगी अंगावर यायला रडत असताना करायचं? पाच मिनिटांत कळेल सगळ्यांना. आणि त्यानंतरही आठ-दहा दिवस, कुणाला तीन-चार आठवडेसुद्धा, पाळीसारखं कमी-जास्त जात राहतं.

गोळ्यांनी गर्भपात गुपचूप होतो, असं समजणाऱ्याच्या डोळ्यांपुढे स्वतःचं बाथरूम असलेला फ्लॅट असतो.

क्युरेटिंगचं आता. आपण सगळ्यालाच क्युरेटिंग म्हणतो, पण त्यात दोन प्रकार आहेत, आणि डॉक्टरांना नेमकं विचारा की यातलं तुम्ही कुठलं करणार. जुना प्रकार डी अँड सी. भूल देऊन धातूच्या चमच्यासारख्या हत्याराने पिशवी आतून खरवडायची. जागतिक आरोग्य संघटना किती वर्षं सांगतेय की हे बंद करा. तरी काही ठिकाणी अजून चालतं, हात बसलेला असतो म्हणून. नवा प्रकार व्हॅक्यूमचा, ज्याला सक्शनही म्हणतात. प्लास्टिकची बारीक नळी आत घालून हातातल्या मोठ्या सिरिंजने किंवा मशीनने गर्भ ओढून घ्यायचा. तुमच्या दिवसांना पाच ते दहा मिनिटं पुरतात. पिशवीच्या तोंडाशी इंजेक्शन देऊन जागेपणी करता येतं, भीती वाटत असेल तर हलकी भूल देतात. आधी दोन-तीन तास पिशवीचं तोंड मऊ करायला मिसोप्रोस्टॉल देतात, नंतर थोडा वेळ झोपवून ठेवतात. सकाळी गेलात तर दुपारी घरी. शंभरातल्या ९८-९९ जणींचं एकदाच्यात पूर्ण होतं, निघण्याआधी डॉक्टर ते बघतात, आणि रक्त नंतर हळदीकुंकवाला जाता येईल इतपतच जातं.

धोके यातही आहेत. पिशवीला इजा होणं किंवा छिद्र पडणं, हे सरावलेल्या हाताने क्वचित होतं. जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून अँटिबायोटिक देतात. क्वचित काही भाग मागे राहतो. गोळ्यांमध्ये हत्यार आत जात नाही, भूल लागत नाही, हा त्यांचा खरा फायदा आणि पुष्कळ बायकांना तोच मोलाचा वाटतो. आपल्या शरीराला कुणी हात लावू नये, जे व्हायचं ते आपल्या घरात, आपल्या गतीने व्हावं असं वाटणारीला मी व्हॅक्यूमचा आग्रह कधीच करत नाही.

तुमच्या आईंची भीती मात्र खोडून काढते. नीट केलेल्या एका गर्भपाताने, गोळ्यांनी असो वा व्हॅक्यूमने, पुढे दिवस राहायला अडचण येत नाही. ही समजूत आली ती त्या खरवडण्यातून. फार जोराने किंवा पुन्हा पुन्हा खरवडलं तर पिशवीच्या आतल्या भिंती एकमेकींना चिकटू शकतात, आणि पूर्वी चोरून, अस्वच्छ जागी केलेल्या गर्भपातानंतर नळ्यांना संसर्ग होऊन बायका खरोखरच वांझ होत. आईंच्या पिढीने ते पाहिलंय. म्हणूनच व्हॅक्यूम आहे ना, हे विचारायचं.

जाऊबाईंचंही ऐका, पण अर्धंच. दोन आठवडे रक्त जाणं हे गोळ्यांनंतर नेहमीचंच आहे, त्यात काही बिघडलेलं नसतं. आणि मग क्युरेटिंग का झालं असेल? कधी खरंच रक्त थांबत नाही, गर्भाचा भाग आत राहतो, तेव्हा करावंच लागतं. पण पुष्कळदा आठवडाभरातच सोनोग्राफी केली जाते, रिपोर्टात ‘आत थोडं शिल्लक’ असं येतं आणि घाबरून पिशवी साफ केली जाते. त्या दिवसांत आत रक्ताच्या गाठी आणि जाड अस्तर दिसणारच. बाईला ताप नाही, रक्त कमी होत चाललंय, दुखत नाही, तर नुसत्या रिपोर्टावर क्युरेटिंग करू नये. दोन आठवड्यांनी तपासायला जायचं. तोपर्यंत घरी लघवीची चाचणी करून जीव टांगणीला लावू नका, ती तीन-चार आठवडे खोटीच ‘हो’ म्हणू शकते.

सहीचा प्रश्न सोपा आहे. नवऱ्याची सही लागत नाही. १९७१ च्या कायद्यापासूनच १८ वर्षांवरच्या बाईला फक्त स्वतःची संमती पुरते. गर्भनिरोधक फसलं हे कारण त्यात आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीने ते लग्न न झालेल्या बाईलाही लागू झालं. वीस आठवड्यांपर्यंत एकाच डॉक्टरचं मत पुरेसं असतं. तरीही रिसेप्शनवरची बाई ‘मिस्टरांना घेऊन या’ म्हणेल. म्हणू दे. तुम्ही शांतपणे सांगा, फॉर्म माझ्या सहीचा आहे. सोबत येणाऱ्याचं नाव-नंबर मागतील तर ते भुलीनंतर घरी न्यायला कुणी आहे का यासाठी असतं, तेवढं द्यावं. तुमचं नाव बाहेर सांगणाऱ्या डॉक्टरला वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते, हीही २०२१ चीच तरतूद. आणि ‘कॉपर-टी बसवून घेणार असाल तरच करतो’ अशी अट कुणी घातली तर उठून दुसरीकडे जा, अशी अट घालायचा अधिकार कुणालाच नाही. ज्या दवाखान्याला सरकारी मान्यता आहे तिथे तिचं प्रमाणपत्र समोर लावलेलं असतं, ते बघा. सरकारी रुग्णालयात पैसे लागणार नाहीत, वेळ मात्र जाईल.

तर तुम्ही काय करावं? सोनोग्राफी आणि रक्त ठीक आलं तर वैद्यकीयदृष्ट्या दोन्ही रस्ते तुम्हाला खुले आहेत. तुम्ही लिहिलंय तसं घर, तसा संडास, तशी मुलगी आणि रजा न काढणारे मिस्टर बघता मी व्हॅक्यूमकडे झुकते. एक सकाळ दवाखान्यात, दुपारी घरी, ‘डोकं दुखतंय’ म्हणून झोपायचं. ज्या गुपितासाठी गोळ्या आणल्या ते इथेच जास्त नीट राहील. मुदतीची तलवारही डोक्यावर नाही, व्हॅक्यूम १२ आठवड्यांपर्यंत सहज होतं, तरी विनाकारण लांबवू नका.

पण माहेरी दोन-तीन दिवस जाता येत असेल, आई मुलीला बघणार असतील आणि जवळ रात्रीही उघडं असणारं हॉस्पिटल असेल, तर गोळ्यांनाही माझी हरकत नाही. तेव्हा मात्र डॉक्टरांच्या देखरेखीखाली. पहिली गोळी त्यांच्यासमोर, पुढच्या चार माहेरी घ्यायच्या की दवाखान्यात बसून, ते त्यांच्याशी बोलून ठरवा. मोठे पॅड आणून ठेवा, कपडे नकोत, किती रक्त जातंय ते पॅडवरच कळतं. तासाला दोन पॅड पूर्ण भिजतायत आणि असं सलग दोन तास चाललंय, तर थांबायचं नाही, १०८ ला फोन करायचा. चक्कर येऊन पडणं, पोटात एकाच बाजूला जीवघेणं दुखणं, खांद्यात कळ, दुसऱ्या दिवशीही उतरत नसलेला ताप, घाण वास, यालाही तेच. आणि चार गोळ्यांनंतर दिवसभरात रक्तच आलं नाही तर तेही डॉक्टरांना कळवायचं. गोळ्या फसल्या आणि गर्भ वाढत राहिला, तर तो तसाच ठेवता येत नाही, मिसोप्रोस्टॉलने बाळात व्यंग येण्याचा धोका असतो. मग व्हॅक्यूम करावंच लागतं. गोळ्या निवडताना हे मान्य करूनच निवडायच्या.

मुलीचं अंगावरचं दूध कशासाठीही तोडावं लागत नाही. मिसोप्रोस्टॉलच्या दिवशी तिला एखाद-दुसरी पातळ शी झाली तर घाबरू नका.

दूध पाजताना दिवस राहत नाहीत, या भरवशावर तुम्ही होतात असं पत्रावरून वाटतं. तो भरवसा पहिल्या सहा महिन्यांपुरता, बाळ फक्त दुधावर असताना आणि पाळी आलेली नसताना. गर्भपातानंतर बीज दोन आठवड्यांच्या आतही तयार होऊ शकतं, पुढची पाळी येण्याआधीच. दुसरं मूल दोन-तीन वर्षांनी हवं असेल तर कॉपर-टी तुम्हाला सोयीची. व्हॅक्यूमच्या वेळी त्याच टेबलावर बसवता येते, गोळ्यांनंतर पिशवी रिकामी झाल्याची खात्री झाल्यावर. नको असेल तर दर तीन महिन्यांचं अंतरा इंजेक्शन आहे, छाया गोळ्या आहेत, दोन्ही सरकारी दवाखान्यात फुकट. काय घ्यायचं ते तुम्ही ठरवा, पण ठरवूनच दवाखान्यातून बाहेर पडा.

आणि मिस्टरांना माझा निरोप सांगा. सही लागत नाही, पण तुम्ही मात्र लागता. एक दिवसाची रजा टाका, शुक्रवारी रात्रीच या. शनिवारी सकाळी बायकोला दवाखान्यात न्यायचं, ती आत असेपर्यंत मुलीला कडेवर घेऊन बाहेर बसायचं, आणि संध्याकाळचा स्वयंपाक कोण करणार हेही तुम्हीच बघायचं.